काउंटरच्या पलीकडून

ज्या माणसाला आपण कामावरून कमी केलं, तो दोन महिन्यांनी आपल्याच दुकानात रांगेत उभा राहून गव्हाचं पीठ विकत घेऊ लागला, तर त्याच्याशी कसं वागायचं? प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. गिऱ्हाईक आहे, पैसे देतोय, पिशवी भरा आणि 'थँक यू' म्हणा. पण तुम्ही कधी दुकान, खानावळ, डेकेअर, दवाखाना असं काही चालवलं असेल, किंवा चालवणाऱ्याशी तुमचं लग्न झालं असेल, तर तुम्हाला ठाऊक असेल की त्या दहा मिनिटांत पोटात जे होतं ते 'थँक यू'वर भागत नाही.

मी आणि माझे दीर मिळून सेंट्रल न्यू जर्सीत चौदा वर्षं किराणा मालाचं दुकान चालवतो. दोन रजिस्टर, फ्रीझरची एक रांग, कोपऱ्यात चहा-वडापावचं काउंटर. त्यामुळे उदाहरण दुकानाचंच देते. तुमच्या धंद्यात ते बसतं का, ते तुम्ही बघा.

आधी हे मान्य करू की आपल्यापैकी बहुतेकांना या प्रसंगाचं वळणच नाही. माझ्या माहेरी कापडाचं दुकान होतं. गडी काम सोडून गेला की तो दुसऱ्या पेठेत जाई, नाहीतर गावी. गिऱ्हाईक म्हणून तो गादीसमोर येऊन बसलाय आणि वडील त्याला ठाणं उलगडून दाखवताहेत, असं मी कधी पाहिलं नाही. यात वडिलांचा दोष काढायचा नाही. दुकानात राबणारे आणि दुकानात खरेदी करणारे ही माणसंच वेगळी होती, वेगळ्या घरांतली, बहुतेक वेळा वेगळ्या जातींतली. दोघांनी जागा बदलायची वेळच येत नसे.

इथे ती भिंत नाही. इथे रजिस्टरवर उभी असलेली बाई एम.एस्सी. असते आणि तिचा नवरा तुमच्या नवऱ्यापेक्षा जास्त कमावतो. तिची मुलं तुमच्या मुलांबरोबर रविवारच्या मराठी शाळेत जातात. ज्याला तुम्ही सकाळी 'दुधाचे क्रेट आत घ्या' म्हणून सांगितलं, तो संध्याकाळी मंडळाच्या गणपतीत आरतीला तुमच्या शेजारी उभा असतो, आणि कदाचित त्याचा आवाज तुमच्यापेक्षा चांगला लागतो. नातं संपलं तरी माणूस संपत नाही. तो त्याच झिप कोडमध्ये राहतो आणि त्यालाही शनिवारी कोथिंबीर लागते.

आमच्याकडे जे काका होते ते तिकडे बँकेतून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. मुलाकडे आले, ग्रीन कार्ड झालं, आणि घरी बसवेना म्हणून कामाला लागले. तुम्ही असे काका पाहिले असतील. मुलाकडे खर्चाला पैसे मागायचे नाहीत, हा त्यातला न बोललेला भाग. गाडी चालवत नाहीत, पण दुकान चालत पंधरा मिनिटांवर. कामाला वाघ. माल आला की जुना पुढे, नवा मागे, हे त्यांना सांगावं लागलं नाही. स्वभाव मात्र असा की कूपनच्या तारखेवरून गिऱ्हाइकाशी वाद घालतील, 'पोह्याला जाड पोहे नेताय का?' म्हणून अनोळखी बाईला शिकवतील. तीन वर्षं आम्ही ते चालवून घेतलं. पण रजिस्टरवरच्या मुलीला, वय वर्षं अठरा, ते भर दुकानात ओरडले. समज दिली. पुन्हा ओरडले. पुन्हा समज दिली, या वेळी कागदावर. तिसऱ्यांदा आम्ही त्यांना थांबवलं, उरलेल्या पगाराचा चेक त्याच आठवड्यात दिला. ते डिसेंबरात झालं. फेब्रुवारीत ते वीस पौंडांच्या पिठाच्या पिशवीसाठी आले, आणि त्यानंतर दर शनिवारी.

दीर म्हणाले, "वहिनी, सरळ सांगा, येऊ नका. दुकान आपलं आहे."

दुकान आपलं आहे, हे वाक्य या राज्यात वाटतं तितकं खरं नाही, आणि त्याची गोष्ट मजेशीर आहे. केन उस्टन नावाचा एक गृहस्थ अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत ब्लॅकजॅक खेळताना पत्ते मनात मोजायचा आणि जिंकायचा. १९७९ साली तिथल्या रिसॉर्ट्स इंटरनॅशनल या कॅसिनोनं त्याला बाहेर काढलं. प्रकरण न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८२ साली उस्टन जिंकला. कॅसिनोच्या खेळाचे नियम ठरवण्याचा अधिकार राज्याच्या आयोगाचा, हे एक कारण. पण न्यायालयानं त्याहून रुंद गोष्ट सांगितली: ज्यानं आपल्या फायद्यासाठी आपली जागा सगळ्या जगाला उघडी केली, त्याला वाटेल त्या माणसाला विनाकारण बाहेर ठेवता येत नाही. दंगा करणाऱ्याला, धमकावणाऱ्याला काढता येतं. नावडत्याला नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असं नाही, तिथे वंश, धर्म वगैरे कायद्यानं सांगितलेली कारणं सोडली तर मालकाची मर्जी चालते. तेव्हा टेक्ससमध्ये राहणाऱ्या वाचकानं माझं ऐकून वागू नये, आणि न्यू जर्सीतल्यानंही वकिलाला विचारावं.

मला यात कायद्यापेक्षा पुढची गंमत महत्त्वाची वाटते. पत्ते मोजणाऱ्याला हाकलता येत नाही म्हटल्यावर अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंनी काय केलं? ते लवकर लवकर पत्ते पिसतात, पैज किती लावायची त्यावर मर्यादा घालतात. माणूस कंटाळून उठेल अशी व्यवस्था. दाखवता येत नाही, पण कळतं.

आता तुमच्याकडे बघा. आपण घालतो का बंदी? क्वचित. आपण पत्ते पिसतो. तो आला की फोनवर बोलायला लागतो. त्याच्या मागच्या बाईला 'काय म्हणते लेक?' विचारतो आणि त्याला फक्त आकडा सांगतो. त्याची पिशवी आपण भरत नाही, तो भरतो. 'मेथी संपली' म्हणतो आणि ती आत असते. यातलं एकही कृत्य कोणाला सांगण्यासारखं नाही, आणि म्हणूनच मला ते उघड बंदीपेक्षा वाईट वाटतं. बंदीला निदान कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की समोरच्याला भांडता येतं. थंडपणाशी कोण भांडणार?

आपल्या भाषेत याला शब्द आहे: वाळीत टाकणं. गावानं एखाद्या घराला वाळीत टाकलं की पहिल्यांदा काय बंद होई? किराणा. मग न्हावी, मग पाणवठा. महाराष्ट्र विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा २०१६ साली केला, २०१७ साली त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. म्हणजे ही जुनी गोष्ट नव्हे. एका दुकानदारानं एका माणसाला नको म्हणणं हा काही बहिष्कार नाही, हे मला मान्य आहे. पण तो माणूस गाडी चालवत नसेल, चालत जाण्याजोगं दुकान एकच असेल, आणि दुकानदारीणबाईंचा चेहरा पाहून मंडळातल्या चार घरांनीही त्यांना हळदीकुंकवाला, कोजागरीला बोलवायचं सोडलं, तर फरक किती उरतो? आपला समाज इथे लहान आहे. लहान समाजात दुकानदाराच्या भुवईला जास्त वजन असतं. ते आपण मागितलेलं नाही, पण आहे.

मग सोपं उत्तर: इतर गिऱ्हाइकांसारखंच वागवा. हे उत्तर थोर परंपरेतलं आहे. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञानं १७८५ साली नीतिशास्त्राच्या पायाबद्दल जे पुस्तक लिहिलं, त्यात चक्क एक दुकानदार येतो. तो अजाण गिऱ्हाइकालाही फसवत नाही, एकच भाव लावतो, लहान मूलही त्याच्याकडून निर्धास्त खरेदी करू शकतं. कांटचं म्हणणं असं की एवढ्यावरून हा माणूस प्रामाणिकपणाच्या तत्त्वानं वागतोय असं ठरत नाही, कारण त्याचा फायदाही त्यातच आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जरा रागच आला. कांटनं दुकान चालवलं असतं तर त्याला कळलं असतं की फायदा असूनही रोज एकच भाव लावणं किती अवघड आहे. पण माझी खरी अडचण दुसरीच आहे. कांटच्या दुकानात येणारं मूल अनोळखी आहे. अनोळख्यांना सारखं वागवायला वजनकाटा पुरतो. जो माणूस बर्फात सकाळी सात वाजता तुमच्याबरोबर शटरसमोरचं फावडं मारत होता, ज्याला तुमचं ओ.टी.पी. कुठल्या फोनवर येतं तेही माहीत आहे, त्याला 'हॅलो सर, आमचं रिवॉर्ड कार्ड आहे का?' असं विचारणं म्हणजे सारखं वागवणं नव्हे. ते तीन वर्षं झालीच नाहीत असं दाखवणं आहे. मला तर तो अपमान वाटतो, आणि काकांनाही वाटला असता.

म्हणून मी देणं दोन ठिकाणी मोडते. काही देणं प्रत्येक गिऱ्हाइकाचं आहे: भाव, माप, रांग, ताजा माल, नीट आवाज. त्यात आत येणाऱ्याचा इतिहास बघायचा नाही. काही देणं फक्त या माणसाचं आहे, कारण तो आपल्याकडे राबला: त्याची पै न् पै चुकती करणं, त्याला का थांबवलं ते त्याला खरं सांगणं, आणि ते इतरांना न सांगणं. पहिलं देणं काउंटरवर फिटतं. दुसरं काउंटरवर फेडायला गेलं की घोटाळा होतो.

सवलतीचंच बघा. आमच्या कामगारांना पंधरा टक्के सवलत आहे. काका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी सामान ठेवलं आणि बिलाकडे बघत उभे राहिले. रजिस्टरवरच्या मुलाला काय करावं कळेना, त्यानं माझ्याकडे पाहिलं. द्यायचे का ते चार डॉलर? द्यायला सोपे होते. पण सवलत हा पगाराचा भाग होता, ती कामाबरोबर संपली. पुढे चालू ठेवली असती तर ती कशाची किंमत झाली असती? त्यांच्या गप्प राहण्याची? आमच्या अवघडलेपणाची? ती मी दिली नाही. चहा मात्र दिला, आणि अजून देते. चहा आपण घरी आलेल्या प्लंबरलाही देतो, त्याला पद लागत नाही. तुम्हाला हा फरक केसाएवढा वाटेल. काकांना तो लगेच कळला; चहा घेतला आणि पूर्ण बिल भरलं.

गप्प राहण्यावरून आठवलं. या माणसाकडे एक गोष्ट असते जी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे नसते: त्याला आतलं माहीत असतं. भाजीचा ट्रक गुरुवारी येतो, म्हणजे बुधवारची भेंडी कुठली ते त्याला ठाऊक. एका शनिवारी काकांनी एका बाईंच्या हातातलं पनीर बघून मोठ्यानं सांगितलं, "याची तारीख परवाची आहे, मागचं घ्या." दीर लाल झाले. पण तारीख परवाचीच होती, आणि पाकिटावर छापलेली होती. जे पाकिटावर छापलंय ते मोठ्यानं वाचणाऱ्यावर चिडायचा दुकानदाराला काय अधिकार? त्यांनी आमच्या मालाच्या खरेदीचे भाव चारचौघांत सांगितले असते तर गोष्ट वेगळी, तो विश्वासाचा भंग झाला असता. आतल्या माणसाच्या तोंडून बाहेर आलेलं वाक्य आपल्याला टोचतं तेव्हा आधी एवढंच तपासावं की ते गुपित होतं की नुसतं गैरसोयीचं.

आणि उलट दिशेनंही. 'का हो सोडलं त्यांनी?' हा प्रश्न मला निदान तीस जणांनी विचारला असेल. इथल्या मोठ्या कंपन्यांचे एच.आर. वाले अशा वेळी नोकरीच्या तारखा आणि पद, एवढंच सांगतात, वकिलांच्या भीतीनं का होईना. मी म्हणते, "तीन वर्षं होते, माल उत्तम लावायचे." हे अर्धसत्य आहे का? आहे. विचारणाऱ्याला उरलेलं अर्धं कळण्याचा हक्क नाही, म्हणून मला त्याची लाज वाटत नाही. शिवाय काका पुढच्या ओळीत डाळी बघत असतात. जे त्यांच्या कानावर गेलं तर चालेल तेवढंच बोलायचं, असं मी ठरवलंय, आणि आमच्या दुकानाच्या आकारामुळे ते पाळणं सक्तीचंच आहे. तसंच 'हे आमच्याकडे कामाला होते' अशी ओळख करून देणंही मी बंद केलं. क्रियापद भूतकाळातलं असलं तरी त्यातला 'आमच्याकडे' अजून त्या माणसाची कॉलर धरून असतो.

या सगळ्या औदार्याच्या गोष्टीत एक माणूस मात्र सहज विसरला जातो, आणि तिथे मला बहुतेक मालकांशी भांडायचं आहे. ती रजिस्टरवरची मुलगी. तिच्यावर ते ओरडले होते. त्यांना परत येऊ द्यायचं का, हा प्रश्न मी आधी त्यांच्याकडे बघून सोडवायचा की तिच्याकडे बघून? आपण क्षमा करतो तेव्हा कधीकधी दुसऱ्याच्या खात्यातून करतो. मी तिला विचारलं. ती म्हणाली, येऊ देत, पण माझ्या रजिस्टरवर नको. मी काकांना बाहेर, कार्ट लावतो तिथे, बाजूला घेऊन सांगितलं: रजिस्टर दोनवर यायचं, तिच्याशी बोलायचं नाही, आणि मागच्या कोठीत जायचं नाही. त्यांनी मान हलवली. तेव्हापासून दोनची रांग लांब असली तरी ते दोनमध्येच उभे राहतात.

ती 'नको' म्हणाली असती तर? तर बंदीच. ओरडण्याच्या पुढे गेलेली प्रकरणं असतात. माझ्या ओळखीच्या एका रेस्टॉरंटमध्ये वेट्रेसला त्रास दिला म्हणून काढलेला स्वयंपाकी पुढे जेवायला येऊन मुद्दाम तिच्याच टेबलावर बसायचा. तिथे मालकानं 'गिऱ्हाईक आहे, काय करणार' म्हणायचं नसतं. नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या ई.ई.ओ.सी. या सरकारी आयोगाच्या १९८०च्या नियमांतच आहे की बाहेरच्या माणसानं कर्मचाऱ्याचा लैंगिक छळ केला, मालकाला ते माहीत असलं आणि त्यानं काही केलं नाही, तर त्याची जबाबदारी मालकावर येऊ शकते. लेखी कळवायचं, येऊ नका. न्यू जर्सीत तसं बजावल्यावरही जो आत येतो त्याच्यासाठी कायद्यात वेगळा गुन्हा आहे. इथे उस्टनचा दाखला कोणी देऊ नये, तो फक्त पत्ते मोजत होता.

आणि एक अपवाद उलट बाजूचा. काढलेल्या माणसानं तुमच्याविरुद्ध भेदभावाची किंवा पगाराची तक्रार केली असेल, आणि तुम्ही म्हणालात 'आता दुकानात पाऊल टाकू नका', तर ती शिस्त राहत नाही, तो सूड होतो. भेदभावाच्या तक्रारीबद्दल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं रॉबिन्सन विरुद्ध शेल ऑइल या १९९७च्या खटल्यात सांगितलं की सूडापासूनचं संरक्षण नोकरी गेलेल्या माणसालाही आहे. मला ते नुसतं कायद्यानं नव्हे, तसंही बरोबर वाटतं.

'गिऱ्हाईक म्हणजे देव' म्हणणाऱ्या पाट्यांनी यातलं काहीच सुटत नाही. गांधीजींच्या नावावरची ती पाटी तुम्ही पाहिली असेल, गिऱ्हाईक आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, अशा अर्थाची. काही पाट्यांवर खाली 'दक्षिण आफ्रिका, १८९०' असंही असतं. १८९० साली गांधीजी लंडनमध्ये कायदा शिकत होते. दक्षिण आफ्रिकेत ते १८९३ साली उतरले. आमच्याही दुकानात ती होती, आधीच्या मालकांनी लावलेली. मी काढली.

एक धागा मात्र अजून सुटलेला नाही. काका शनिवारी येतात तेव्हा सामान घेता घेता डबे सारखे करतात. जुना पुढे, नवा मागे. गेल्या काही आठवड्यांत तर दीड-दोन तास. गिऱ्हाइकांना हिंग कुठे ते आमच्या पोरांच्या आधी सांगतात. आमचे हिशेब बघणाऱ्या बाईंनी हे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. १९३८च्या मजुरीच्या कायद्यात नोकरी देण्याच्या व्याख्येत 'काम करू देणं' हेही येतं, आणि नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यात कोणी फुकट सेवा करतोय असं चालत नाही. एक तर पगार द्या, नाहीतर थांबवा, असं त्यांचं म्हणणं.

दीर, जे बंदी घाला म्हणाले होते, ते आता म्हणतात शनिवारचे दोन तास पगारावर घेऊ या. मी म्हणते ती मुलगी इथे आहे तोवर नाही. ती ऑगस्टमध्ये कॉलेजला जाईल, मग बघू. थांबवायला म्हणून मी काकांशी बोलायला गेले. ते हातातला डाळीचा पुडा खाली न ठेवता म्हणाले, "ताई, मी गिऱ्हाईक आहे. माल मागेपुढे करून बघतोय." हिशेबाच्या बाईंना मी अजून उत्तर दिलेलं नाही.